राणीच्या चोळीला कैची

ड्रेपरीच्या धंद्यात कापड कापत नाहीत, दुमडतात. हुस्नाबी लग्न होऊन पांढरकवड्याला आली त्याच महिन्यात नवऱ्यानं, रहमतनं, तिला हे शिकवलं. तिचं माहेर राजूरचं, कोळशाच्या खाणीजवळचं. तिथे शिलाई म्हणजे खाणीत जाणाऱ्या माणसांच्या पँटींना ठिगळं लावणं. इथे सासरी मागच्या खोलीत पत्र्याच्या पेट्या एकावर एक रचलेल्या, आणि त्यांत राजे, राक्षस, शिपाई, जोगी घडी घालून ठेवलेले. नाटकवाल्यांना, गावोगाव सोंगं घेऊन लोकनाट्य करणाऱ्या दंडारवाल्यांना, शाळेच्या गॅदरिंगला रहमत पोशाख भाड्यानं द्यायचा. नव्या नवरीनं हौसेनं एका शिपायाचा कोट कापून त्याच्या अंगाबरोबर बसवून दिला, तर रहमतनं कपाळावर हात मारला.

"आज हा शिपाई काडीसारखा हाय. उद्या हाच कोट पोलीसपाटलाच्या पोराले जाईन. आत दुमड अन् कच्ची टीप मार. अंग बदलते, कोट तोच राह्यते."

तेव्हापासून हुस्नाबीनं पोशाखाला कैची म्हणून लावली नाही. त्या खोलीतल्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीत चार बोटं कापड आत दाबलेलं असायचं. शिंपी त्याला मार्जिन म्हणतात. कुणी जाड आलं की शिवण उसवायची, कुणी बारीक आलं की घ्यायची.

सगळ्यांत जास्त मार्जिन राणीच्या चोळीला होतं. लाल मखमलीची, गळ्याला आणि बाहीला जरीची वेल, पाठीवर नाड्या. मखमल रहमतनं हैदराबादेहून आणली होती, वेल त्यानं स्वतः काढली होती. ती चोळी कुणालाही भाड्यानं जायची नाही. ती बबनरावांची.

बबनराव राळेगावकडच्या खैरगावचे. घरी कापूस-तुरीचं शेत, बायको शकुबाई, दोन लेकी. दिवाळीनंतर त्यांच्या गावची दंडार उभी राहायची तेव्हा ढोलकी तांड्यावरचा भीमसिंग वाजवायचा आणि राणी रूपवंती व्हायचे बबनराव. मिसरूड फुटायच्या आधीपासून. रूपवंती वनवासाला निघते, वाटेत झाडाला, दगडाला, ओढ्याला आपला राजा कुठे गेला ते विचारते, असा तो खेळ. गावच्या म्हाताऱ्यांनी रचलेला, कुठे छापलेला नाही. बबनराव झाडाला विचारायला लागले की समोरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि ज्यांनी दुपारीच त्यांना बैल धुताना पाहिलेलं असायचं त्याही लावायच्या.

या मंडळीत एक रीत होती. दसऱ्याला राणी मिशी उतरवायची. बबनराव पाटावर बसायचे, न्हावी मिशी काढायचा, मग होळी होईपर्यंत वरचा ओठ सफाचट. बाजारात कुणी कोरा ओठ पाहिला की समजायचं, औंदा दंडार आहे. दुसरी रीत नाड्यांची. हंगामाच्या पहिल्या खेळाला चोळीच्या नाड्या हुस्नाबीनं बांधायच्या. ही गाठ बसली की बबनराव संपले. पोशाख उतरेपर्यंत त्यांना कुणी नावानं हाक मारायची नाही, राणीसाब म्हणायचं, त्यांच्यासमोर बिडी ओढायची नाही, खरकटं हातात द्यायचं नाही. भीमसिंग एरवी त्यांना आईबहिणीवरून बोलायचा. गाठ बसल्यावर तोच अदबीनं उभा राहायचा, "राणीसाब, ढोलकी चढवू काय?"

वय वाढलं तसे बबनराव पोटाला, पाठीला सुटले. हुस्नाबी दरसाल राणीच्या चोळीची शिवण थोडी उसवायची. उसवलेल्या पट्टीतली मखमल आतून अजून गर्द लाल निघायची. ती बोटानं दाबत म्हणायची, "राणी खाऊन-पिऊन राह्यली."

"वनवासात काय खाते राणी, भाबी? हे शकुच्या भाकरीचं हाय."

टाळेबंदीच्या वर्षी रहमत गेला. दोन हंगाम कुठे टाळ वाजला नाही. पेट्यांना बुरशी धरली, राक्षसाच्या मुकुटाचा पत्रा गंजला. जमीर, तिचा मुलगा, हायवेवर ट्रकची टायरं बघतो. त्याला ती खोली हवी होती, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं. टायरं अंगणात उन्हात पडायची.

"अम्मी, अब कौन पहनता ये सब? भंगारवाला पेट्या तरी घेईन."

हुस्नाबीनं ऐकलं नाही. रहमत गिऱ्हाईक दाराशी येईपर्यंत बसून राहणारा माणूस होता. ही एसटीनं हिंडायला लागली. मोडलेल्या दंडारींतली उरलेली माणसं तिनं शोधली. कुठे जोगी उरला होता, कुठे नुसता टाळकरी. त्यांना भीमसिंग-बबनरावांशी जोडून दिलं. शाळांत जाऊन सांगितलं की गॅदरिंगला नुसते कपडे नेऊ नका, नाच बसवणारा माणूसही घ्या, आणि जोग्याला तिथे लावून दिलं. बचतगटाच्या मेळाव्यात, गणपतीत, कुठे अर्धा तास मिळाला तरी खेळ लावायची. जातीतल्या काही बायका नाक मुरडायच्या की बेवा बाई तमाशगिरांच्या मागे हिंडते. जमीरनंही एकदा तोंडावर विचारलं.

"खैरात काहून वाटून राह्यली, अम्मी?"

"खैरात नाही, धंदा हाय. ही माणसं राह्यली तं पेट्या राह्यतील. माणसं गेली तं पेट्यांत डांबरगोळ्याच राह्यतील."

पण हे सगळं जेमतेम चालत होतं. जोगी बांधकामावर जाऊ लागला. भीमसिंगच्या पोरानं डीजे घेतला. एका हंगामात दोन सुपाऱ्या आल्या आणि त्यांतली एक पावसानं गेली. हुस्नाबीला दिसत होतं की असं अजून एक वर्ष गेलं तर दंडार उभी राहायची नाही.

त्याच वर्षी दसऱ्यानंतर नयनताई आल्या. नागपूरच्या एका संस्थेच्या, लोककलावंतांसाठी काम करणाऱ्या. वागायला साध्या. खोलीत खाली बसून त्यांनी प्रत्येक पोशाख हातात घेऊन पाहिला, अस्मानं, जमीरच्या बायकोनं, केलेला चहा दोनदा घेतला. नागपूरला महोत्सव होता. ही दंडार तिथे बोलवायची होती. लोकांना आवडली तर संस्था तीन वर्षं मंडळीला सांभाळणार, तालमीला जागा, दौरे, सगळं. हुस्नाबीला रहमतची आठवण आली. असं कुणी त्याच्या हयातीत दाराशी आलं असतं तर त्यानं अख्ख्या गल्लीला शिरखुर्मा वाटला असता.

मग नयनताई म्हणाल्या, "फक्त एक आहे, हुस्नाताई. राणीचं काम बाईनं करावं असं आमचं ठरलंय. इतकी वर्षं बायकांना इथे उभंच राहू दिलं नाही. ते आता पुन्हा आपणच दाखवायचं का?"

नयनताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. ती स्वतः इतकी वर्षं पडद्यामागेच होती, आणि तेही लोकांना खपत नव्हतं. पण बबनरावांनी दसऱ्याला मिशी उतरवली होती.

तिनं बबनरावांना न विचारताच होकार दिला. मनाशी म्हणाली, तीन वर्षांची सोय होतेय मंडळीची, एक खेळ पोरीनं केला तर काय बिघडतं. सांगू नंतर.

पोरगी मिळाली. वैष्णवी, राळेगावच्या कॉलेजात शिकणारी, नाचात तरबेज, आवाज मोकळा. हुस्नाबी तिला घेऊन खैरगावला गेली. बबनराव गोठ्यात शेण काढत होते. त्यांनी हात धुतले, सगळं उभ्यानं ऐकलं, आणि एवढंच विचारलं, "एका खेळापुरतं ना, भाबी?"

"एका खेळापुरतंच. होयी झाली की गावात तुमचीच राणी."

"मंग ठीक हाय. पोरीले रूपवंती याले पायजे पण. नाईतं नागपूरवाले म्हणतील, खैरगावची राणी अशीच."

त्यांनी शिकवलंही मन लावून. हात कुठवर उचलायचा, झाडाला विचारताना झाडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं, कारण वनवासातल्या बाईला वर बघायचा धीर नसतो. वैष्णवी त्यांना काका म्हणायची, त्यांचं बोट धरल्यासारखी मागे मागे शिकायची. गावातली रिकामी माणसं पारावर बसून टोमणे मारायची, "काय गा बबन, राणी गेली पोरीकडे, अन् मिशी बी गेली. आता तू कोण?" बबनराव हसायचे. ओठावर हात मात्र जायचा.

खेळाच्या आधी चोळी वैष्णवीला घातली तर ती पोतं घातल्यासारखी लोंबली. हुस्नाबीनं रीतीप्रमाणे शिवणी आत घेतल्या. पण बबनरावांच्या अंगाची चोळी त्या मुलीच्या अंगावर आणायची म्हणजे दोन्ही बगलांत आणि पाठीवर मखमलीचे गोळे. वैष्णवीला हात नीट उचलता येईना. नयनताईंनी मोबाइलवर फोटो मागवला. फोन आला, "हुस्नाताई, पाठीवर काहीतरी फुगलंय का? तिथे लाइट फार कडक असतात. बघा ना जरा."

त्या दुपारी अस्मा बाजारात गेली होती. हुस्नाबीनं चोळी मांडीवर घेतली. पुन्हा उसवली, पुन्हा दुमडली, इस्त्रीनं दाबली, पाण्याचा हात लावून दाबली. मखमल दबत नव्हती. मुलीची पाठ तिच्या डोळ्यांसमोर येत होती, सरळ, नितळ, आणि त्यावर ते गोळे. कुठलाही शिंपी लाजेल असं ते दिसत होतं. तिला वाटलं, नागपूरची माणसं ही पाठ बघणार आणि म्हणणार, ही यांची शिलाई. तिनं रहमतची मोठी कैची काढली.

कापताना तिला एवढंच वाटत होतं की चोळी किती सुरेख बसेल. बबनराव त्या वेळी तिच्या मनात नव्हते. हे तिला नंतर आठवलं आणि तेच जास्त लागलं.

नागपूरच्या हॉलमध्ये वैष्णवीच्या नाड्या तिनंच बांधल्या. गाठ बसली तशी भीमसिंगनं सवयीनं मान लववली, "राणीसाब," आणि मग बबनरावांकडे बघून ढोलकीत तोंड घातलं. खेळ चांगला झाला. मुलीनं झाडाला विचारलं तेव्हा हॉल गप्प झाला. बबनराव विंगेत उभे होते, कोऱ्या ओठांनी तिचे शब्द पुटपुटत. शेवटी नयनताईंनी त्यांना स्टेजवर बोलावून शाल दिली, "हे आमच्या राणीचे गुरुजी." टाळ्या पडल्या. शाल कशी घ्यायची ते त्यांना समजेना. त्यांनी ती पदरासारखी डोक्यावरून घेतली, आणि लोक हसले, मायेनंच हसले, पण हसले.

पोशाख उतरल्यावर वैष्णवीनं चोळी त्यांच्याच हातात दिली. त्यांची पद्धत होती, खेळ झाला की चोळी उलटी करायची, घाम वाळू द्यायचा, मग घडी. त्यांनी ती उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. पलीकडे मुकुट बांधत बसलेल्या हुस्नाबीनं ते पाहिलं. बबनरावांनी चोळी सुलट केली, घडी घातली आणि तिच्या पेटीत ठेवली.

सकाळी परतताना गाडी जाम गावच्या चौकात चहाला थांबली. सगळे उतरले. बबनराव कपात फुंकर मारत तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"कैची फिरवली तुमी."

"पोरीचा हात उचलत नव्हता, भाऊ."

"हं," ते म्हणाले. त्यांनी चहा संपवला, आणि पुढे गावाकडे जायला वडकीला उतरले. उतरताना नेहमीसारखं "येतो भाबी" म्हणाले नाहीत. गाडी सुटायची घाई होती, असं तिनं स्वतःला समजावलं.

त्या वर्षी होळीपर्यंत गावात खेळ झाला नाही. मंडळी आधी नागपूरच्या तयारीत गुंतली होती, नंतर सुपारीही आली नाही. नयनताईंचे फोन सुरुवातीला यायचे, मग हुस्नाबीच करू लागली. पावसाळ्यात एकदा फोन लागला. त्यांचा आवाज खरोखर पडलेला होता. संस्थेत वरची माणसं बदलली, यंदा दुसऱ्या जिल्ह्यावर काम आहे, त्यांचंच तिथे काही खरं नाही. "तुमचं नाव मी ठेवलंय पुढे, हुस्नाताई." वैष्णवीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, ती वर्ध्याला गेली. जाताना पाया पडून गेली. तिला कुणी काय म्हणणार.

उरले बबनराव. हुस्नाबीनं कापलेल्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. त्या चोळीला पुन्हा जोडून पाहिल्या. बाहेरची मखमल वर्षानुवर्षांच्या घामानं, उन्हानं फिकी पडलेली, पट्ट्या गर्द. जोड जखमेसारखा दिसायला लागला. तिनं तो उसवला. मग आदिलाबादहून मखमल मागवली, जुन्या चोळीवरून वेल उतरवली, महिनाभर डोळ्यांत तेल घालून नवी चोळी शिवली. मार्जिन चार बोटं ठेवलं. बबनरावांचं माप तिला पाठ होतं.

दसरा झाला. चौथ्या दिवशी गाठोडं घेऊन ती राळेगावच्या एसटीत बसली. खैरगावला पोचली तेव्हा शकुबाई अंगणात कापसातला काडीकचरा वेचत होत्या.

"या वो भाबी, बसा. लय दिवसानं." शकुबाईंनी आत हाक दिली, "पायजा कोण आलं."

बबनराव बाहेर आले. ओठावर मिशी होती. पांढरी, दाट, टोकं वर वळवलेली, तेल लावून बसवलेली. दसऱ्याआधीपासूनची.

हुस्नाबीनं गाठोडं सोडलं. "चोयी आणली."

"नवी?"

"नवी. आत चार बोटं ठेवलं हाय."

बबनरावांनी चोळी घेतली, ओसरीच्या उजेडात उलटी केली, शिवण पाहिली. वेलीवरून बोट फिरवलं. "चांगली केली. रहमतभाईचा हात उतरला तुमच्या हातात." आणि चोळी परत तिच्या मांडीवर ठेवली. "भीमसिंगले सांगतलं मी. यंदा नाही जमत."

"काहून, भाऊ?"

"मिशीची सवय झाली."

शकुबाई हसल्या. जन्मभर नवऱ्याच्या कोऱ्या ओठावरून त्यांनी जावा-नणंदांचं ऐकलं होतं. "बरे दिसतात ना, भाबी? जावई म्हणे, फौजदार वाटते मामा."

"दिसतात," हुस्नाबी म्हणाली.

शकुबाई चहा ठेवायला आत गेल्या. कोंबडी कापसाच्या ढिगावर चढली, बबनरावांनी तिला हाकललं. हुस्नाबी हळू म्हणाली, "मी कापाले नव्हती पायजे."

"तुमी पोरीसाठी कापली. पोरगी गोड दिसली त्याच्यात. मी उभाच होतो ना तिथं, पाह्यलं." त्यांनी कोंबडीनं विखुरलेला कापूस हातानं ढिगात ओढला. "पण तुमी सांगतलं होतं, एका खेळापुरतं. एका खेळापुरतं कोणी कैची नाही लावत, भाबी. हे तं मले तुमच्याच घरी समजलं होतं."

चहा आला, तो तिनं घेतला. निघताना बबनरावांनी चोळी घडी करून गाठोड्यात ठेवली आणि फडक्याची गाठ स्वतः मारून दिली. रस्त्यापर्यंत सोडायलाही आले. ऑटो येईपर्यंत तुरीला शेंग कशी धरली ते सांगत होते.

भीमसिंग पोराच्या डीजेवर जाऊ लागला. जोगी पुण्याकडे बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. खैरगावला त्या हिवाळ्यात दंडार उभी राहिली नाही.

घरी जमीरनं पेट्या एका भिंतीला लावल्या आणि उरलेल्या खोलीत टायरं रचली. हुस्नाबी दाराशी उभी राहून बघत होती. राणीची पेटी हलवू लागला तेव्हा फक्त म्हणाली, "वो रहने दे." त्यानं राहू दिली.

संक्रांतीच्या सुमारास कापड खाणाऱ्या कसरीच्या भीतीनं तिनं ती पेटी उघडली. नव्या चोळीला रबराचा वास बसला होता. तिनं ती अंगणात नेली, उलटी केली आणि दोरीवर टाकली. कोवळ्या उन्हात चार बोटांची ती दाबलेली पट्टी बाहेर आली, कुणाचाही घाम न लागलेली. अस्मा भांडी घासत होती. तिनं वर बघून विचारलं, "किसकी है, अम्मी?"

"अभी किसी की नही," हुस्नाबी म्हणाली, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही बाह्यांना चिमटे लावले.